आधी धुवायचं की आधी बुडवायचं?

प्रयोगशाळेतल्या पिपेटला तीन प्रकारचा मळ लागतो. पहिला डोळ्यांना दिसतो, किंवा काचेवर पाण्याचे थेंब अडकू लागले की ओळखू येतो: चरबी, प्रथिने, पांढरे क्षार, वाळलेला रंग. दुसरा दिसत नाही, पण चाचणीत उतरतो: क्लोराइड, फॉस्फेट, क्रोमियम. तिसरा सजीवांचा: जिवाणू, विषाणू आणि ते मेल्यानंतरही मागे राहणारे डीएनएचे तुकडे. या तिन्हींवर चालेल असा एकच उपाय नाही. पहिला मळ काढणारे द्रावण दुसऱ्या प्रकारचा मळ मागे ठेवू शकते, आणि तिसऱ्यासाठी दिलेली उष्णता पहिल्याला काचेवर कायमचा बसवते.

भुसावळच्या परिसरात पिपेटचे बरेच वेगवेगळे संसार नांदतात. महाविद्यालयांच्या रसायनशाळा आहेत, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात पाण्याची तपासणी आहे, रेल्वेचे रुग्णालय आणि गावातल्या पॅथॉलॉजी लॅब आहेत, दूध संकलन आहे, माती परीक्षण आहे आणि जळगावकडे केळीच्या ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळा आहेत. ‘स्वच्छ पिपेट’ म्हणजे काय, याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी निराळे मिळते. त्यातली दोन टोके इथे दोन कल्पित माणसांच्या तोंडी दिली आहेत. नाना म्हणजे काचेच्या पिपेटवर नोकरी काढलेले रसायनशाळेचे जुने सहायक. ताई म्हणजे मायक्रोपिपेट हाती घेऊनच या धंद्यात आलेली लॅब टेक्निशियन.

नानांचा पहिला मुद्दा अचूकतेचा आहे.

“ताई, पिपेट मळकट असली की ती खोटं माप देते. बाकीचं नंतर. दहा मिलिलिटरची ‘ए’ वर्गाची पिपेट घ्या. तिला चूक माफ किती? ०.०२ मिलिलिटर. आणि आत अडकलेला एक थेंब केवढा असतो?”

“०.०५ च्या आसपास.”

“म्हणजे एका थेंबात अडीचपट गेलं. तिथे जंतू मेले का नाही, हे विचारून काय उपयोग?”

हा हिशेब बरोबर आहे. काचेची पिपेट आतल्या भिंतीला पाण्याचा पातळ, सलग थर राहील असे धरूनच आखलेली असते. भिंतीवर चरबी असेल तर हा थर फाटतो, थेंब मागे राहतात आणि पिपेट कमी द्रव सोडते. म्हणून स्वच्छतेची सगळ्यांत जुनी कसोटी आजही चालते: डिस्टिल्ड वॉटर भरून सोडावे आणि काच उजेडासमोर धरावी. थर सलग उतरला तर पिपेट स्वच्छ, थेंब किंवा रेघा दिसल्या तर पुन्हा धुवायची.

धुण्याची वेळ हा अर्धा उपाय आहे. वापरलेली पिपेट लगेच पाण्यात उभी बुडवली तर बहुतेक द्रावणे नुसत्या पाण्याने निघतात. भुसावळच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, टेबलावर पडलेली पिपेट काही मिनिटांत कोरडी होते आणि टोकाच्या बारीक छिद्रात स्फटिक धरतात. ते टाचणीने काढू नयेत. टोकाचा टवका उडाला की द्रव सुटण्याचा वेग बदलतो आणि पिपेट मापाच्या कामातून जाते.

पहिले पाणी गार हवे की गरम, हे मळावर अवलंबून आहे, आणि नवशिके इथेच चुकतात. गर्बर पद्धतीने दुधाची फॅट काढताना १०.७५ मिलिलिटरची दुधाची पिपेट वापरतात. तिच्यावर एकदम कढत पाणी घातले तर दुधातली प्रथिने करपलेल्या गंजाच्या तळासारखी काचेला धरून बसतात. आधी गार किंवा कोमट पाणी, मग धुण्याचा सोडा घातलेले गरम पाणी, असा क्रम ठेवला तर प्रथिने आणि चरबी दोन्ही निघतात. रक्ताचेही तसेच. साहलीच्या पद्धतीने हिमोग्लोबिन मोजायची २० मायक्रोलिटरची पिपेट आणि पेशी मोजायच्या लाल-पांढऱ्या मण्यांच्या पिपेटी आता कमी दिसतात. पण त्यांच्या धुण्याची शिस्त अजून शिकण्याजोगी आहे: आधी पाणी, मग अल्कोहोल, मग ॲसिटोन, आणि शेवटी हवा ओढून कोरडी. मणी आत मोकळा खुळखुळला तर पिपेट कोरडी झाली. चिकटून राहिला तर ओल किंवा रक्त शिल्लक आहे.

यानंतर येतो साबण, आणि त्याच्याबरोबर दोघांचा पहिला खरा खटका.

“बाजारातली कपड्यांची पावडर चालते की,” असे कुणी म्हटले तर नाना आणि ताई दोघेही नाही म्हणतात, पण कारणे वेगळी देतात. ताईंना भीती फेसाची, कारण साबणाचा अंश एन्झाइमच्या चाचणीत अडथळा आणतो. नानांचे कारण जास्त नेमके आहे.

“आपल्याकडे केळीच्या मातीचा फॉस्फरस काढतात. काळी, चुनखडीची जमीन, म्हणून ओल्सेनच्या पद्धतीनं. आता पावडरीत फॉस्फेट असलं तर? पिपेटमधलं फॉस्फेट मातीच्या नावावर जमा होतं. शेतकऱ्याला सांगणार, खताची गरज नाही. दीपनगरला तर याच्याही पुढे आहे.”

दीपनगरचे उदाहरण खरोखर पुढचे आहे. मोठ्या संचांच्या बाष्पकातून टर्बाइनकडे जाणाऱ्या वाफेत सिलिका साधारण लिटरला २० मायक्रोग्रॅमच्या आत ठेवावी लागते. ती वाढली तर टर्बाइनच्या पात्यांवर काचेसारखा थर बसतो. इतकी कमी सिलिका मोजताना काचेची पिपेट कितीही स्वच्छ धुतली तरी तीच दूषणाचा उगम ठरते, कारण काच म्हणजेच सिलिका. अल्कलीने धुतली तर आणखी सुटते. म्हणून या चाचणीत प्लास्टिकची भांडी आणि प्लास्टिकच्या पिपेटी वापरतात. तसेच, क्लोराइड मोजायचे असेल तर हायड्रोक्लोरिक ॲसिडने किंवा हायपोने (सोडियम हायपोक्लोराइटने) धुतलेल्या पिपेटीवर भरवसा ठेवता येत नाही. तिथे नायट्रिक ॲसिड बरे. आधी पिपेटमध्ये काय होते आणि पुढे काय मोजायचे आहे, हे दोन्ही माहीत झाल्याशिवाय धुण्याचे द्रावण ठरवता येत नाही.

नानांची मात्र एका द्रावणावर जुनी माया आहे.

“क्रोमिक ॲसिडला तोड नाही. रात्रभर पिपेट बुडवून ठेवा, सकाळी पाणी आरशासारखं उतरतं. पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक, बस.”

“नाना, ते तुमच्या बोटांना लागलेलं पिवळं अजून दिसतं. हेक्साव्हॅलंट क्रोमियम आहे ते.”

“जपून वापरलं तर काही होत नाही.”

या वादात ताईंची बाजू भक्कम आहे. हेक्साव्हॅलंट क्रोमियमची संयुगे माणसात कॅन्सर घडवणारी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात नोंदलेली आहेत. सल्फ्युरिक ॲसिडने भाजते ते वेगळेच. शिवाय नाना एक गोष्ट विसरतात: क्रोमियम काचेला धरून राहते, चार-पाच वेळा पाणी घातले तरी पूर्ण जात नाही. मग डोळ्यांना आरशासारखी दिसणारी पिपेट एन्झाइमची क्रिया दाबते. केळीच्या मातृरोपात विषाणू आहे का हे एलायझाने तपासताना रंग उमटवण्याचे काम एन्झाइम करते. तिथे असा अंश राहिला तर रंग कमी येतो आणि रोगट रोप निरोगी म्हणून पुढे जाते. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीवर कुकुंबर मोझॅक विषाणूचे नुकसान पाहिलेल्यांना अशा चुकीची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

उरलेल्या क्रोमिक ॲसिडचे काय करायचे, हा प्रश्नही सोपा नाही. नारिंगी-तपकिरी द्रावण हिरवे पडले की ते संपले, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण हिरवे पडलेले तेही तीव्र ॲसिडच असते, आणि त्यात न संपलेले हेक्साव्हॅलंट क्रोमियम शिल्लक असू शकते. ते मोरीत ओतणे म्हणजे शेवटी तापीत सोडणे. रीत अशी: द्रावण भरपूर गार पाण्यात हळूहळू सोडायचे, फेरस सल्फेट किंवा सोडियम बायसल्फाइटने क्रोमियमचे त्रिसंयुज रूप करायचे, मग चुन्याने क्षारीय करून हिरवा गाळ वेगळा काढायचा आणि तो घातक कचरा म्हणून द्यायचा. एवढी यातायात करण्यापेक्षा फॉस्फेटरहित सौम्य डिटर्जंट, त्यानंतर दहा टक्के नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक ॲसिडात काही तास, हा उपाय बहुतेक ठिकाणी पुरतो. चिवट चरबीसाठी अल्कोहोलमधले पोटॅशियम हायड्रॉक्साइड चालते, पण थोडाच वेळ. ते काच खाते आणि मापाच्या पिपेटीचे माप बिघडवते.

खळबळण्याबाबत मात्र नानांकडून शिकावे. त्यांचा आग्रह असतो की पाणी एकदम भरपूर नको, थोडे थोडे तीनदा. गणित त्यांच्या बाजूने आहे. पिपेटच्या आत ०.१ मिलिलिटर द्रव उरला असे धरू. १० मिलिलिटर पाणी एकदाच घेतले तर मळ सुमारे शंभरावा हिस्सा उरतो. तेच १० मिलिलिटर तीन भागांत वापरले तर प्रत्येक वेळी चौतिसावा हिस्सा, म्हणजे शेवटी चाळीस हजारांत एक हिस्सा. पाणी तेवढेच, फरक चारशेपट. शेवटचे पाणी डिस्टिल्डच हवे. इथल्या बोअरच्या जड पाण्याने धुतलेली पिपेट वाळली की आत पांढरी झाक धरते, आणि ती पुढच्या वेळी ॲसिडने काढावी लागते.

वाळवण्याविषयी जुना नियम असा की मापाची काच ओव्हनमध्ये ठेवायची नाही. बोरोसिलिकेट काचेपुरता हा नियम जरा जास्तच कडक आहे. शंभर-सव्वाशे अंशांना तिच्या मापात जाणवण्याजोगा कायमचा बदल होत नाही. साध्या सोडा काचेच्या स्वस्त पिपेटीला मात्र तो लागू ठेवावा. खरे तर बहुतेक वेळा वाळवण्याची गरजच नसते. जे द्रावण मोजायचे त्यानेच दोनदा खळबळून घेतले की पुरे. उन्हाळ्यात लक्ष द्यावे ते तापमानाकडे. भारतीय काचेवर माप २७ अंशांना दिलेले असते. पाणी ४० अंशांवर गेले तर त्याच आकारमानात वस्तुमान सुमारे ०.४ टक्क्याने घटते. १० मिलिलिटरमागे ०.०४ ग्रॅम. म्हणजे धुण्यात कमावलेली अचूकता गरम खोलीत गमावता येते.

आता दुसरे टोक.

“नाना, तुमची पिपेट धुताना तुम्ही ती हातात घेता, बरोबर?”

“मग काय चिमट्यानं घेऊ?”

“तिच्यात टीबीच्या संशयिताची थुंकी असेल तर? तुमचा क्रम माझ्याकडे उलटा होतो. आधी बुडवायची, मग धुवायची.”

यावर नाना म्हणतात की मळ असताना जंतुनाशक चालत नाही, आणि हेही खरे आहे. हायपो रक्त-पू यांच्यावरच खर्ची पडते आणि जंतूंसाठी थोडे उरते. तरीही संसर्गजन्य नमुन्यात ताईंचाच क्रम पाळावा लागतो, कारण धुणाऱ्याचा हात आणि नळाखाली उडणारे तुषार आधी सुरक्षित करायचे असतात. मळ जास्त असतो म्हणून द्रावण जास्त तीव्र घेतात. एक टक्का हायपोत पिपेट आडवी, पूर्ण बुडालेली आणि आत हवेचा बुडबुडा न राहिलेली अशी अर्धा तास ठेवतात. बुडबुड्याच्या जागी द्रावण पोचत नाही. उभ्या बरणीत अर्धी बाहेर राहिलेली पिपेट अर्धीच निर्जंतुक होते. त्यानंतर धुणे, आणि त्यानंतर, पुन्हा जंतुविरहित कामासाठी हवी असेल तर, उष्णता. म्हणजे निर्जंतुकीकरण दोनदा: पहिले माणसासाठी, दुसरे चाचणीसाठी.

हायपोच्या बाटलीवर ५ टक्के छापलेले असले तरी ते कारखान्यातून निघतानाचे असते. उष्णता आणि उजेड यांनी त्यातला क्लोरीन उडत राहतो. पत्र्याच्या छताखाली उन्हाळा काढलेल्या बाटलीतून एक भाग हायपो, चार भाग पाणी असे मोजून घेतले तरी ते एक टक्का असेलच असे नाही. बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवणे आणि पातळ केलेले द्रावण रोज ताजे करणे, एवढ्याने बराच फरक पडतो.

दोन्ही संसार एका मोरीवर आले की खरा धोका होतो. नानांच्या ॲसिडाच्या बरणीत ताईंची हायपोची पिपेट पडली तर क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाशी क्लोरामाइन बनतात. कोविडच्या २०२०-२१ या काळात आरटी-पीसीआरचा पसारा वाढला, तेव्हा आणखी एक जोडी अनेकांच्या लक्षात आली: आरएनए वेगळे करण्याच्या किटमधल्या द्रावणांत ग्वानिडिन थायोसायनेट असते, आणि त्यावर हायपो ओतले तर सायनाइडयुक्त विषारी वायू निघू शकतो. जंतुनाशक आहे म्हणून कशावरही ओतावे, ही सवय अशा लॅबमध्ये घातक आहे.

पिपेट तोंडाने ओढण्याच्या जुन्या चालीवर नाना गप्प बसतात. ती चाल महाविद्यालयांत बरीच वर्षे टिकली आणि रबरी बल्ब आल्यावरही तिचे समर्थक होते. १८९३ साली एका डॉक्टरने विषमज्वराच्या जिवाणूंचे संवर्धन चुकून तोंडात ओढल्याची नोंद आहे. मारबुर्गच्या हाइनरिश श्निटगरने १९५७ मध्ये स्प्रिंग आणि दट्ट्याची मायक्रोपिपेट बनवली आणि ही सवय सुटण्याचा मार्ग मोकळा झाला.

मायक्रोपिपेटने धुण्याचा प्रश्नच बदलला. द्रव टिपमध्ये राहतो, दट्ट्याला लागत नाही. मध्ये हवेची गादी असते. म्हणून वापरणाऱ्याला वाटते की पिपेट धुवायचीच नसते. पण अंगठा झटकन सोडला की द्रव उसळून टिप बसते त्या शंकूत जातो. टिपमध्ये द्रव असताना पिपेट टेबलावर आडवी ठेवली तरी तेच होते. तीव्र हायड्रोक्लोरिक किंवा अमोनिया वारंवार ओढला तर त्यांची वाफ दट्ट्याला खाते. रसायनशाळांतल्या मायक्रोपिपेटी लवकर बिघडतात त्या बहुधा यामुळे. उपाय: टिप काढून पिपेट नेहमी स्टँडवर उभी ठेवणे, आणि ठरलेल्या मुदतीने खालचा भाग उघडणे. शंकू, दट्ट्या, सील आणि ओ-रिंग सुटे करून डिटर्जंटने, मग डिस्टिल्ड वॉटरने आणि शेवटी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. अल्कोहोल शंभर टक्के तीव्र नको: जंतूंची प्रथिने मोडायला पाणीही लागते, आणि निव्वळ अल्कोहोल पुरेसे काम करण्याआधी उडून जाते. बीजाणूंवर तर ७० टक्केही चालत नाही. हायपो वापरलेच तर लगेच पाण्याने पुसावे, नाहीतर स्प्रिंग गंजते. जोडताना सीलवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर; जास्त लावले तर तेच धूळ धरते.

“मग ऑटोक्लेव्हमध्ये का नाही टाकत सरळ?” हा नानांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर मॉडेलवर अवलंबून आहे. काही पिपेटी १२१ अंश, १५ पौंड दाब आणि २० मिनिटे सोसतात, काहींचा फक्त खालचा भाग सोसतो, आणि काही त्यातून वाकड्या होऊन बाहेर येतात. सोसणाऱ्यांनाही नंतर रात्रभर गार आणि कोरडे होऊ द्यावे लागते. काचेच्या पिपेटीला कोरडी उष्णता बरी: वरच्या तोंडाला कापसाचा बोळा, धातूच्या डब्यात, १६० अंशांना दोन तास.

ऑटोक्लेव्हची एक मर्यादा ताईही उशिरा शिकतात. तो जंतू मारतो, पण त्यांचा डीएनए पूर्ण संपवत नाही. पीसीआरमध्ये एक तुकडा प्रत्येक फेरीत दुप्पट होतो. ३० फेऱ्यांत एकाचे १०७ कोटी. पिपेटच्या शंकूत कालच्या नमुन्याचा एक तुषार असेल तर आजचा निरोगी नमुना बाधित ठरतो, आणि त्याला कारणीभूत जंतू केव्हाच मेलेला असतो. तिथे पातळ हायपो डीएनए तोडते, अतिनील दिवा फक्त त्याच्या समोरचा पृष्ठभाग साफ करतो आणि आतल्या वळणांत काही करू शकत नाही, फिल्टरची टिप तुषार वर जाऊ देत नाही. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे नमुना घालायची पिपेट आणि वाढलेला डीएनए हाताळायची पिपेट कायम वेगळ्या खोल्यांत ठेवणे.

टिप धुऊन पुन्हा वापरावी का, यावर दोघे कधी एकमत होणार नाहीत.

“एका पॅकेटला एवढे पैसे, आणि एकदा वापरून लाल पिशवीत,” नाना हळहळतात. “पॉलिप्रोपिलीन आहे. ॲसिडात बुडवा, पाण्यात बुडवा, वर्ष काढील.”

“पीएचच्या बफरसाठी काढील. सिरमसाठी नाही. धुतलेल्या टिपमध्ये पाण्याचा थेंब राहिला तर दहा मायक्रोलिटरात तो किती टक्के होतो ते तुम्हीच मोजा.”

स्वतःच्या खिशातून लॅब चालवणाऱ्याला नानांचे म्हणणे पटते, रिपोर्टवर सही करणाऱ्याला ताईंचे. रसायनशाळेत, एकाच द्रावणासाठी, विद्यार्थ्यांच्या सरावात धुतलेली टिप चालून जाते. रक्त, लघवी, थुंकी किंवा न्यूक्लिक आम्ल यांच्या कामात नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार दूषित प्लास्टिक लाल पिशवीत आणि फुटलेली काच निळ्या डब्यात जाते. संवर्धने आणि प्रयोगशाळेचा संसर्गजन्य कचरा आधी तिथेच निष्प्रभ करून मगच बाहेर द्यायचा असतो.

खालचा भाग उघडून धुतलेली मायक्रोपिपेट तपासल्याशिवाय कामाला घेत नाहीत. आधी गळती: पाण्याने भरलेली टिप वीस सेकंद उभी धरायची, टोकाशी थेंब धरता कामा नये. मग वजन. डिस्टिल्ड वॉटर पिपेटने मोजून संवेदनशील तराजूवर दहा वेळा तोलायचे आणि तापमानाप्रमाणे दुरुस्ती करायची. ३० अंशांना मिलिग्रॅममधले वजन १.००५ च्या आसपासच्या संख्येने गुणले की मायक्रोलिटर मिळतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तराजूवरचे पाणी डोळ्यांदेखत उडते आणि चांगली पिपेटसुद्धा कमी भरते असे वाटू लागते. म्हणून भुसावळात हे काम सकाळी लवकर, पंखा बंद ठेवून आणि तराजूच्या खोक्यात पाण्याची एक वाटी ठेवून केलेले बरे.

नाना काचेच्या पिपेटीलाही हीच कसोटी लावतात, आणि या एका कामात दोघे एकाच तराजूवर बसतात. आकडे वहीत तारखेसह लिहिले जातात. वजन सरासरीने कमी येत असेल तर गळती किंवा जुने सील. दर वेळी वेगळे येत असेल तर हात किंवा टिप नीट न बसणे. काचेच्या पिपेटीत कमी येत असेल तर पुन्हा डिटर्जंट, आणि तरीही थर फाटत असेल तर ती पिपेट मापाच्या खणातून काढून नुसते पाणी घालण्याच्या कामाला.